पाटोळे मास्तरांच्या रेडिओला ताप

पाटोळे मास्तरांच्या घरात पंखा एकच होता आणि तो रेडिओसाठी होता. वैशाखातल्या भर दुपारी तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर मास्तर तुम्हाला खुर्ची देणार, माठातलं पाणी देणार, घाम पुसायला टॉवेलसुद्धा देणार. पण पंखा नाही. तो टेबलपंखा स्टुलावर ठेवलेला, रेडिओच्या पाठीकडे तोंड करून. सवयीनं कुणी त्याची मान आपल्याकडे वळवली, तर मास्तर अगदी सौम्य आवाजात म्हणायचे, "तेवढं नको. त्याला बरं नाही."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आतल्या खोलीत कुणीतरी आजारी आहे. मी आवाज खाली आणून विचारलं, "कोण झोपलंय?" मास्तरांनी रेडिओकडे बोट दाखवलं.

सावेडी तेव्हा नगरच्या बाहेर होती. सावेडीला राहतो म्हटलं की गावातली माणसं विचारायची, एवढ्या लांब कशाला गेलात? आमचे हे जिल्हा परिषदेत होते, प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून घर बांधलं. चार घरं, बाकी बाभळी. आमच्या आणि मास्तरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण. मास्तर मिशनच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या सुशीलाबाई दवाखान्यात नर्स होत्या, त्या आम्ही तिथं राहायला जायच्या आधीच गेल्या. मुलगी लग्न होऊन जबलपूरला. मास्तर एकटे. रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांनी कापडबाजारातून हा वॉल्व्हचा रेडिओ आणला. चांगला ट्रंकेएवढा, लाकडी, आणि स्टेशन नीट लागलं की हिरवा डोळा बारीक करणारा.

तापाची सगळी भाषा सुशीलाबाईंची. "आमच्या सुशीलाबाई म्हणायच्या, थर्मामीटर खोटं बोलेल, उलटा हात बोलणार नाही," असं सांगून मास्तर येईल त्याला रेडिओच्या डोक्यावर उलटा हात ठेवायला लावायचे. "हात लावून बघा. आहे की नाही अंगात कसकस?" ती होतीच. अर्धा-पाऊण तास रेडिओ छान बोलायचा, मग त्याचा घसा बसायचा, खोलीभर व्हार्निशचा वास सुटायचा आणि मास्तर बटण बंद करून ओरडायचे, "तापला हो, तापला!" ही आरोळी कुंपण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात यायची. एकदा मी दूध उतरवायला धावले होते.

मास्तरांचा दुसरा नाद म्हणजे गॅरंटी. रेडिओबरोबर एक वर्षाच्या गॅरंटीचं कार्ड मिळालं होतं. ते त्यांनी पवित्र शास्त्रात ठेवलं होतं, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर गॅरंटीशिवाय विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं. भाजीवालीला विचारायचे, "या वांग्यांची गॅरंटी काय?" ती म्हणायची, "किडकं निघालं तर आनून द्या." मास्तर खरंच परत न्यायचे, अर्धं चिरलेलं. आमच्या यांनी सहज म्हटलं की संध्याकाळी आभाळ येईल, तरी मास्तरांच्या गॅरंटीतून यांची सुटका नसे.

आमचा दूधवाला भागाजी तर या गॅरंटीला अगदी विटला होता. "मास्तर, घोडेगावच्या बाजारात म्हस घ्या, कुनी देतंय का गॅरंटी? दात बगायचे, धार काढून बगायची, अन् देवाचं नाव घेऊन दोरी हातात धरायची. तुमच्या ह्या खोक्याला ना दात, ना धार." मग रेडिओभोवती एक चक्कर मारून त्यानं निदान केलं, "ह्याला दिष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरा."

"आमच्यात उतरत नाहीत," मास्तर म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "पण तू गॅरंटी देत असशील तर उतर."

भागाजीनं उतरल्या. रेडिओ तापला तो तापलाच.

पण खरं सांगायचं तर त्या तापावर आमची सगळ्यांची संध्याकाळ चालायची. कॉलनीत दुसरा रेडिओ नव्हता. दिवेलागण झाली की आम्ही शेजारीपाजारी मास्तरांकडे जमायचो. रहस्याचं नभोनाट्य असलं की गर्दी जास्त. आणि ऐन वेळी, म्हणजे इन्स्पेक्टर "खुनी याच खोलीत आहे" असं म्हणाला रे म्हणाला, की मास्तर बटण बंद करणार. "तापला. विश्रांती पाहिजे."

मग चहा. मास्तर स्वतः करायचे, गोड मिट्ट. भाजलेल्या शेंगा यायच्या. रेडिओ निवेपर्यंत नाटक संपलेलं असायचं, म्हणून खुनी कोण हे आम्हालाच ठरवावं लागायचं आणि शेवटचा निकाल मास्तरांचा. "काकाच खुनी. तो म्हणाला, घाट चढून अलीकडे आल्यावर मुसळधार पावसात भिजलो. घाटाच्या अलीकडे, आपल्या बाजूला, मुसळधार पाऊस? हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. धडधडीत खोटं बोलतोय तो. गॅरंटी." ज्या वर्षी नगर जिल्ह्यात माणसं आभाळाकडे बघून थकली होती, त्या वर्षी हा पुरावा आम्हा सगळ्यांना पटला. मास्तरांच्या नाटकांत खुनी नेहमी भूगोलात कच्चा असायचा.

गॅरंटीचं वर्ष मात्र सरत चाललं होतं. मे महिना संपला की कार्ड रद्दी, आणि मास्तरांना एकच घोर लागलेला, त्याआधी रेडिओ बरा झाला पाहिजे. दुकानदाराकडे खेपा घालून घालून त्यांच्या सायकलीचं टायर झिजलं. दुकानदार म्हणायचा, "मास्तर, वॉल्व्हचा सेट आहे, गरम होणारच. चूल पेटवली की तवा तापतो तसं."

"तवा गातो का?" मास्तर विचारायचे.

शेवटी दुकानदारानं कंपनीला लिहायला सांगितलं. मास्तरांनी इंग्रजीत लिहिलं की आमच्या रेडिओला रोज संध्याकाळी ताप येतो, भूक मात्र चांगली आहे. भूक म्हणजे वीज, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, कंपनीला सांगितलं की नाही कुणास ठाऊक. कंपनीनं उत्तर पाठवलं, सेट पुण्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आणावा.

माळीवाड्याच्या स्टँडवर पोचवायला आमचे हे गेले होते, म्हणून पुढचं कळलं. मास्तरांनी रेडिओ चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "सामान टपावर टाका."

"आजारी आहे," मास्तर म्हणाले.

कंडक्टरनं चादरीकडे बघितलं, मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं आणि शेजारच्या माणसाला उठवलं. "ओ पाव्हणं, खिडकी द्या त्यांना. वारं लागंल." मागच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, काय होतंय? रोज संध्याकाळी ताप येतो म्हटल्यावर ती म्हणाली, "मलेरिया आसंल. कडू काढा द्या."

पुण्यात मास्तरांनी दिवसभर वर्कशॉपच्या बाकावर बसून काढला. रेडिओ सकाळपासून वाजत होता आणि मेला जराही तापला नाही. डॉक्टरांपुढे नेल्यावर पोरं हुंदडायला लागतात, त्यातली गत. तिथला मनुष्य म्हणाला, "रेडिओ ठणठणीत आहे. तुम्हीच थोडी विश्रांती घ्या." पुणेकरच तो. मास्तर शेवटच्या गाडीनं परत आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणावरून आरोळी आली.

त्यानंतर मास्तरांनी कंपनीचा पिच्छा पुरवला तो असा, की मे महिना संपता संपता मुंबईहून कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. जाडजूड, हातात बॅग, घामानं निथळत होता. बातमी लागून आम्ही सगळे जमलो होतो. त्यानं आत आल्या आल्या काय केलं असेल, तर पंख्याची मान स्वतःकडे वळवली. सगळे गार झालो. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घेतली आणि रेडिओला वारा घालायला लागले.

त्या माणसानं मागचा पुठ्ठा काढला, आत डोकावला, मग भिंतीच्या सॉकेटमध्ये आपलं मीटर लावलं. "इथं वीज नवीन आलीय का?"

"दोन वर्षं झाली असतील," आमचे हे म्हणाले.

"आणि तो ट्रान्स्फॉर्मर तुमच्या दारातच. इथं विजेचा दाब जास्त आहे, पुण्यात तेवढा नसतो. म्हणून तिथं तापला नाही." त्यानं रेडिओच्या पाठीतली एक इवलीशी पिन एका भोकातून काढली आणि शेजारच्या भोकात घातली. "झालं."

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंच. आता दिवसभर लावा."

"गॅरंटी?"

"हो, लेखी देतो. आता ताप येणार नाही."

आम्ही टाळ्याच वाजवायच्या बाकी होतो. मास्तर मात्र हातातल्या वर्तमानपत्राकडे बघत उभे होते. मला वाटलं, वर्षभराची धावपळ, दमले असतील बिचारे.

त्या रविवारी पहिल्यांदाच आम्ही नभोनाट्य शेवटपर्यंत ऐकलं. खुनी माळी निघाला, ज्याचं तोवर नाटकात एकच वाक्य झालं होतं. मास्तर म्हणाले, "हे काही बरोबर नाही." पण वाद घालायला वेळच नव्हता, नाटक संपलं, लगेच बातम्या लागल्या, बातम्या संपल्या, सगळे उठले. मास्तर म्हणाले, "चहा टाकतो." कुणीतरी म्हणालं, "आता उशीर झाला, मास्तर." झालाच होता.

पुढच्या रविवारीही तसंच. आम्ही ऐकायचो आणि घरी जायचो. मग दिवाळीला यांनी ट्रान्झिस्टर आणला. तो मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवला, भाकरी थापता थापता गाणी ऐकायला. पलीकडच्या घरानंही आणला. कुणी भांडलं नाही, कुणी ठरवलं नाही, पण मास्तरांकडे जाणं बंद झालं.

भागाजीच एक दिवस दूध घालताना म्हणाला, "वैनी, मास्तरांचं काय बिनसलंय व्हय? हल्ली गॅरंटी इचारत न्हाईत. दुधात पानी हाय का म्हून बी इचारत न्हाईत. लई गप गप असत्यात."

मी संध्याकाळी कुंपणावरून बघितलं. दार उघडं होतं. रेडिओ वाजत होता, न थांबता, अगदी सुदृढ. खुर्च्या भिंतीशी ओळीनं मांडलेल्या, आणि पंखा खुर्च्यांकडे तोंड करून फिरत होता. थंडी पडायला लागली होती तरी. मास्तर कोपऱ्यातल्या बाजेवर बसून रेडिओकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. सुशीलाबाईंच्या मागे घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून रेडिओ आणला असं ते म्हणायचे, पण त्या आवाजाला ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. बोलायचे ते तो बंद झाल्यावर, आमच्याशी.

जानेवारीतली गोष्ट. रविवार होता. आमचा ट्रान्झिस्टर सेल उतरल्यामुळे खरखरत होता, आणि तेवढ्यात पलीकडून आरोळी आली.

"तापला हो, तापला!"

यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी तवा उतरवला. शाल गुंडाळून आम्ही निघालो, तर पलीकडच्या घरातली मंडळीही फाटकातून बाहेर पडत होती, आणि रतीब घालायला आलेला भागाजी सायकल भिंतीला लावत होता. आत नगरची कडाक्याची थंडी, आणि तो पंखा पुन्हा रेडिओच्या पाठीशी भिरभिरत होता. आम्ही सगळे कुडकुडत बसलो.

"अगदी ऐन वेळी बंद करावा लागला," मास्तर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "वकील साक्षीदाराला प्रश्न विचारत होता."

मी सवयीनं पुढे झाले आणि रेडिओच्या डोक्यावर उलटा हात ठेवला. तो थंडगार होता. माठासारखा.

मास्तर आता माझ्याकडे बघत होते. वर्गात पकडल्या गेलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"लई तापलाय का, वैनी?" भागाजीनं विचारलं.

"चांगलाच तापलाय," मी म्हणाले. "हात ठेववत नाही. अर्धा तास तरी विश्रांती पाहिजे."

"तासभर राहू दे," आमचे हे म्हणाले. त्यांनी हात लावलाही नव्हता. भागाजीनं मात्र माझ्यामागून लावला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "व्हय, लई तापलाय. म्या मागंच म्हनलं हुतं, दिष्ट हाय."

मास्तर घाईनं उठले आणि चहा टाकायला आत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. इकडे त्या साक्षीदारावरून वाद सुरू झालाच होता. मी तिथूनच हाक मारली, "मास्तर, कंपनीला कळवायचं का?"

पंप थांबला.

"नको, वहिनी," मास्तर आतून म्हणाले. "गॅरंटी संपली. आता आपणच बघायचं त्याच्याकडे."