साळूबाईंची बशी

एका जंगलात एक प्रयोगशाळा होती आणि त्या प्रयोगशाळेत बुरशी होती. नाक मुरडू नका, मुलांनो. ती बुरशीचीच प्रयोगशाळा होती. शाळेत जशी मुलं असतात, तशी तिथे बुरशी होती.

प्रयोगशाळेत साळूबाई काम करायच्या. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, नाकावर चष्मा आणि स्वभाव असा की एकदा एखाद्या गोष्टीमागे लागल्या की जेवणखाण विसरायच्या. सात वर्षं त्या एकाच रोगामागे लागल्या होत्या.

हा रोग अस्वलांना व्हायचा. आधी पाठीवर रुपयाएवढा गोल चट्टा उठायचा. मग तिथले केस गळायचे. मग चट्टा पसरत जायचा आणि अस्वल झाडाला पाठ घासून घासून रक्तबंबाळ व्हायचं. ही सगळी एका बुरशीची करणी होती. खाज एकवेळ सोसता येते हो, पण केस गेलेलं अस्वल थंडी काढू शकत नाही. गेल्या थंडीत तीन अस्वलं कुडकुडून मेली होती.

यंदा पाळी केरबाची होती. केरबा म्हणजे टेकडीवरचं म्हातारं अस्वल. त्याची अर्धी पाठ उघडी पडली होती. दर मंगळवारी तो यायचा, साळूबाई त्याची पाठ तपासायच्या, थोडी खपली खरवडून घ्यायच्या आणि केरबा दर वेळी तेच विचारायचा.

"बाई, थंडीच्या आत हुईल न्हवं अवशीद?"

"बघू या," साळूबाई म्हणायच्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्यांची पद्धत साधी होती. बशीत पेजेचा थर द्यायचा, त्यावर केरबाच्या पाठीवरची बुरशी पेरायची आणि मधोमध जंगलातल्या कुठल्यातरी मातीची चिमूट ठेवायची. मातीत नाना तऱ्हेचे जीव असतात. त्यातला एखादा या बुरशीला पुरून उरेल, असा त्यांचा अंदाज होता. नाल्याकाठची माती झाली, वडाखालची झाली, उंदरांच्या बिळातली झाली. प्रत्येक बशीत बुरशी मातीवरून आरामात चालत जायची.

आणि एका मंगळवारी एक बशी निराळी निघाली. बशीभर पांढरी बुरशी होती, पण मातीच्या ठिपक्याभोवती बोटभर जागा कोरी करकरीत होती. बुरशी तिथवर आली होती आणि थांबली होती. साळूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्या खुर्चीत बसल्या.

त्या दिवशी केरबा आला तेव्हा त्यांनी त्याला बशी दाखवली.

"ह्ये काय?"

"हे तुझं औषध. अजून बाळ आहे. वाढवायला पंधरा दिवस, मलम करायला आठ. थंडी पडायच्या आधी तुझ्या पाठीवर लव दिसायला लागेल."

केरबाने बशीला हात जोडले. साळूबाईंना फार संकोच वाटला, पण आनंदही झाला. सात वर्षांत त्यांना कुणी हात जोडले नव्हते, त्यांच्या बशीला तर नाहीच.

आता एक अडचण नीट ऐका. ती माती होती एका वारुळातली. चिमूटभरच आणलेली, ती सगळी वापरून झाली होती. आणि ते वारूळ श्रावणातल्या पुरात वाहून गेलं होतं. म्हणजे औषधाचा जीव काय तो त्या एका बशीत. विरजणासारखंच हे. चमचाभर उरलं तरी पुढचं दही लागतं, पण तो चमचाही गेला तर नुसतं दुधाकडे बघत बसायचं.

म्हणून साळूबाई संचालकांकडे गेल्या. संचालक होते सांबरराव. मोठी शिंगं, मोठं टेबल.

"साहेब, मला दहा कोऱ्या बशा हव्यात. आजच्या आज. एका बशीच्या अकरा करून ठेवते."

"कोऱ्या बशा?" सांबरराव दचकले. "बाई, परवा समिती येतेय! कोऱ्या बशा दर्शनी कपाटात मांडल्यात. पिरॅमिड केलाय मी त्यांचा. त्यातली एक जरी काढली तरी सगळा ढासळेल."

"पण साहेब, औषध सापडलंय."

"उत्तम! अभिनंदन! समिती जाऊ दे, मग बघू."

समिती होती स्वच्छता मूल्यांकन समिती. जंगलातल्या सगळ्या संस्थांना ती श्रेणी द्यायची. तिचे अध्यक्ष धवलपंत बगळे. चिखलात एका पायावर दिवसभर उभे राहूनही त्यांच्या पिसावर डाग पडत नसे. एवढ्या एका गुणावर त्यांना अध्यक्षपद मिळालं होतं आणि त्यांनी दुसरा गुण कधी दाखवलाही नव्हता.

गुरुवारी धवलपंत आले. फरशीवरून चोच फिरवली, तावदानं पाहिली, कोऱ्या बशांच्या पिरॅमिडपुढे क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग साळूबाईंच्या खोलीत शिरले आणि किंचाळले.

"हे काय आहे?"

"बुरशी," साळूबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही कबूल करता?"

"कबूल काय करायचंय? ही बुरशीची प्रयोगशाळा आहे."

"किती दिवसांपासून आहे ही बुरशी?"

"सात वर्षं."

"सात वर्षं!" धवलपंत सदस्यांकडे वळले. "लिहून घ्या. सात वर्षं कुणी फडकंसुद्धा मारलेलं नाही. आणि या मधल्या बशीत तर मातीही आहे!"

साळूबाईंनी समजावून पाहिलं. रोग समजायचा तर रोग पाळावा लागतो, म्हणाल्या. धवलपंतांनी तेही लिहून घेतलं: 'कर्मचारी रोग पाळतात.' मग निकाल दिला. संध्याकाळी पुन्हा पाहणी होईल. तोवर घाण निघाली नाही, तर प्रयोगशाळेला टाळं.

सांबरराव घामाघूम झाले. "बाई, टाळं लागलं तर सगळंच गेलं. धुऊन टाका. बुरशी काय, पुन्हा येते."

ते खरंच होतं. बुरशी पुन्हा आली असती. केरबाच्या पाठीवर हवी तेवढी होती. म्हणून साळूबाईंनी बाकीच्या सगळ्या बशा मुकाट्याने धुवायला दिल्या. ती एक बशी मात्र कापडात गुंडाळून टेबलाच्या तळच्या खणात, जुन्या कागदांखाली सरकवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी लपवलं. त्यांचे काटे उभे राहिले होते.

तेवढ्यात अंगणात बोलावणं आलं. धवलपंत सर्वांना स्वच्छतेची शपथ देणार होते. शपथ लांबलचक होती. तिला प्रस्तावना होती आणि प्रस्तावनेआधी धवलपंतांचं मनोगत होतं. साळूबाई उजवा पंजा वर करून उभ्या राहिल्या. मनात मात्र हिशेब करत होत्या, अंधार पडायच्या आत बशी घरी बिळात नेता येईल का याचा.

शपथ संपल्यावर त्या आत धावल्या. दारात सांबरराव उभे होते. बाह्या वर केलेल्या, खुरं ओली, चेहऱ्यावर समाधान.

"बाई, तुम्ही एक विसरला होतात. तळच्या खणात राहिली होती. समितीला दिसली असती तर आपली इज्जत गेली असती. पण मी स्वतः धुतली. उकळत्या पाण्यात, राख लावून, तीनदा."

साळूबाईंनी ती बशी घेऊन उजेडात धरून पाहिली.

"आभार कसले मानता," सांबरराव म्हणाले. "आपण सगळे एकच कुटुंब आहोत."

संध्याकाळी प्रयोगशाळेला सर्वोच्च श्रेणी मिळाली. धवलपंतांनी अहवालात लिहिलं: 'बुरशी प्रयोगशाळेचा कानाकोपरा तपासला. कुठेही बुरशी आढळली नाही.' अहवाल सिंहमहाराजांकडे गेला. महाराजांनी फक्त शेवटचं वाक्य वाचलं आणि दवंडी पिटवली की जंगलातली बुरशी संपली. मग बुरशीच्या रोग्यांची नावं यादीतून काढण्यात आली. जी गोष्टच नाही, तिचे रोगी कसे असतील?

मंगळवारी केरबा आला. सांबररावांनी त्याला पायरीवरच थांबवलं. आत केस पडतात, म्हणाले. साळूबाई बाहेर आल्या आणि त्याच्याजवळ पायरीवर बसल्या.

"बाई, माजं अवशीद वाढलं का?"

"केरबा, औषध गेलं."

"कुठं गेलं?"

"धुतलं."

केरबाला वाटलं, आपल्याला नीट कळलं नसेल. शिकलेल्यांच्या गोष्टी. "मंग ते धुतल्यावर चांगलं झालं आसंल की?"

साळूबाईंना हे उत्तर सात वर्षांतल्या कुठल्याही बुरशीपेक्षा जड गेलं. "नाही रे. ते जिवंत होतं. मेलं. आता पुन्हा माती शोधायची. वर्ष लागेल, दोन लागतील."

"आन् थंडी?"

"दीड महिन्यावर आलीय."

केरबाने साळूबाईंकडे पाठ केली. "मंग घ्या खरवडून. उशीर कशाला? माज्या कामी न्हाई आलं तर माज्या नातीच्या कामी यील. तिला बी उठलाय चट्टा."

साळूबाईंनी खपली खरवडून घेतली. त्याला दुखू दिलं नाही.

पौषात केरबा गेला. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं: थंडी. बुरशी लिहिणं शक्य नव्हतं, ती संपलेली होती. जंगलात थंडीचं प्रमाण का वाढतंय हे शोधायला महाराजांनी एक समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून धवलपंतांचंच नाव एकमताने सुचवलं गेलं.

साळूबाई त्या दिवशी खूप रडल्या. प्रयोगशाळेत रडायला बंदी होती, फरशीवर डाग पडतात म्हणून. त्या बाहेर जाऊन रडल्या.

तात्पर्य: मुलांनो, रोग घालवायचा असेल तर औषध शोधण्यात वर्षं दवडू नका. औषध शोधणाऱ्याचं टेबल पुसा. रोग लगेच कागदावरून जातो. रोगी जायला तेवढा थोडा वेळ लागतो.