इंजिनात तेल कोण ओततंय?

परभणी जिल्ह्यात गाडीतलं खरं कळणारी माणसं दोनच. दुसरा कोण, ते मला अजून सापडलेलं नाही! पहिला मी, उद्धव. कॉलेजात हेडक्लार्क आहे, पण कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्राचार्यसुद्धा मलाच हाक मारतात.

म्हणून नवी डिझेल गाडी घेताना मी कुणालाच विचारलं नाही. सुमंगला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तेवढी म्हणाली, "अहो, घर ते कॉलेज दोन किलोमीटर. त्याला डिझेल गाडी कशाला? सायकल पुरे की!"

"तुला गाडीतलं काय कळतंय?" मी म्हणालो. विषय संपला.

शोरूमवाल्यानं गाडीसोबत एक जाडजूड माहितीपुस्तक दिलं. ते मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. पुस्तक वाचून ज्याला गाडी चालवावी लागते, त्यानं रिक्षा करावी!

माझे नियम दोनच. सकाळी चहाच्या आधी ऑईलची काडी काढून पातळी बघायची. आणि चालवताना समोर पिवळा दिवा लागला, की गाडी तिथल्या तिथं बंद करायची! घरात नाहक बल्ब जळत असला की आपण बटण दाबतोच ना? तसंच. हा पिवळा दिवा आठवड्यातून दोन-तीनदा लागायचा आणि मी प्रत्येक वेळी त्याचा बंदोबस्त करायचो.

असं सगळं झकास चाललेलं असताना एका सकाळी काडीवर तेल खुणेच्या वर दिसलं. पुसून परत बघितलं. वरच! आठवड्यानं बघितलं तर आणखी वर!

आता तुम्हीच सांगा. मी हात बसवला तो मामाच्या जुन्या जीपवर. ती जीप तेल प्यायची, तेल गाळायची, रस्ताभर तेलाची रांगोळी काढत जायची. पण तिनं तेल वाढवून दाखवलं, असं कधी झालं नाही. इंजिनातलं तेल कमी होतं, वाढत नसतं. वाढलं म्हणजे कुणीतरी ओततंय! एवढं कळायला काही पोलीस लागत नाहीत.

मी बॉनेटला साखळी घातली आणि कुलूप ठोकलं. गल्लीतले लोक विचारायला लागले, "साहेब, गाडी पळून जायली का काय?" मी लक्ष दिलं नाही. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. आठवड्यानं कुलूप काढून बघतो तर काय, तेल अजून वर!

म्हणजे चोर घरातलाच! साखळी-कुलूप काढून टाकलं. पोरगा शिकायला पुण्यात; घरात मी, सुमंगला आणि मामी.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, गंगाखेडच्या वच्छलाबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभरापासून आमच्याकडं होत्या. एकदा साखर वाढली म्हणून, एकदा डॉक्टरच गावाला गेले म्हणून तारीख हुकलेली. आता सोमवार पक्का होता. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, डाव्यानं माणूस आहे एवढं कळायचं. येताना त्यांनी घाण्याचं करडईचं तेल डबाभर आणलं होतं.

आणि तेलाच्या बाबतीत मामींचा हात फार सढळ! शनिवारी मारुतीला तेल, तिन्हीसांजेला देवापुढच्या दिव्यात तेल. एकदा तर मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या गाडीचं दार कुरकुर करायलं होतं. दोन थेंब सोडले." दार खरंच गप्प झालं होतं! आता दारात दोन थेंब सोडणारं माणूस इंजिनाला उपाशी ठेवील का?

मी गुपचूप डब्यावर पेन्सिलीनं खूण केली. आठवड्यात डबा चार बोटं उतरला आणि काडीवरचं तेल जवभर चढलं. इकडं डबा उतरायलाय, तिकडं इंजिन चढायलंय! बाकीचं तेल वाटेत सांडलं असेल, असा मी हिशोब बसवला.

शनिवारी सकाळी सुमंगला भाजी आणायला गेली. मामी लसूण सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो.

"मामी, खरं सांगा. मी रागावणार नाही. इंजिनात तेल तुमीच घालायलाव ना?"

"काय?"

"प्रेमानंच घातलं असेल. त्यात दिसत नाही नीट..."

"मी? माझं घाण्याचं तेल? तुमच्या त्या डबड्यात?"

"मग डबा कसा उतरला?"

"आता गं बया! म्हैनाभर सकाळी भजे, सांजच्याला धपाटे, ऐतवारी पुऱ्या! कोण खायलंय? जरा आरशात बघा जावईबापू, तेल कुठं चढलंय ते दिसंल!"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी कारकून माणूस, पुराव्याशिवाय हलत नाही. डबा उचलून आणला आणि पेन्सिलीची खूण त्यांच्या डाव्या डोळ्यापुढं धरली.

मामींचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या तेलावर खुना करायलाव? लेकीच्या घरी चोर ठरले मी! ऱ्हाऊ द्या ते ऑपरेशन. असला जावई धड दिसत न्हाई, तेच बरंय."

पिशवी भरली, डबा उचलला आणि कोपऱ्यावरच्या रिक्षात बसून मामी स्टँडला गेल्यासुद्धा! मी म्हटलं, राग आहे, पाच मिनिटांत उतरेल. दोन कप चहा ठेवला. तेवढ्यात सुमंगला आली. तिला मी सगळं पुराव्यासह समजावून सांगितलं.

तिनं भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "सोमवारी माझी माय ऑपरेशनला दिसली नाही, तर मी पण गंगाखेडला जाणार. तुमी आणि तुमची काडी बसा इथं!"

बावीस वर्षांच्या संसारात ती इतकी शांत कधी बोलली नव्हती. चहा तसाच टाकून मी पळालो.

स्टँडवर कळलं, गंगाखेडची बस दहा मिनिटांपूर्वीच सुटली. घातली गाडी मागं! गाव संपतंय तोवर पिवळा दिवा लागला. हात सवयीनं किल्लीकडं गेला, पण डोळ्यांपुढं सुमंगला आली. म्हटलं जळू दे दिवा! पंखा घोंगावायला लागला, गरम वास यायला लागला, मी दाबतोय आपला ॲक्सिलेटर! पोखर्णी फाट्यावर बस उभी दिसली. गाडी तिच्यापुढं आडवी लावली, बंद केली, किल्ली काढली आणि बसमध्ये चढलो.

"कुठलं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"तिकीट नको. सासू न्यायचीय!"

सगळी बस वळून बघायला लागली. मामी तिसऱ्या सीटवर, मांडीवर डबा.

"मामी, चला घरी."

"कोण बोलायलंय? मला तर कुणीच दिसत न्हाई."

शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो मावशी?" आणि मामींनी अथपासून इतिपर्यंत सांगितलं. साखळी, कुलूप, पेन्सिलीची खूण, काही सोडलं नाही. सगळ्या बसमध्ये माझ्या बाजूनं एक माणूस नव्हता!

मागच्या सीटवरून काळ्या हातांचा एक जण उठला. गंगाखेडचा योगीराज मिस्त्री. "साहेब, गाडी नवी डिझेल हाय का?"

"हो."

"रोज किती चालती?"

"जाऊन-येऊन चार किलोमीटर."

"आन् पिवळा दिवा लागल्यावर काय करताव?"

"लगेच बंद करतो!" मी छाती काढून सांगितलं.

योगीराजनं कपाळावर हात मारला. "आहो, नव्या डिझेल गाडीला धुराची काजळी धरायला जाळी असती. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळायला लागती. तवा तो दिवा लागतो. गाडी म्हणायली, 'थांबू नका, जरा लांब चला.' आन् तुमी दरवेळी मधीच बंद करायलाव! मंग न जळालेलं डिझेल झिरपून खाली तेलात उतरतंय. वाढलंय ते तेल न्हाई, डिझेल हाय! पुस्तकात लिवलेलं असतंय की!"

"म्हंजे ओतायलंय कोण?" मामींनी सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं.

"जावईच की मावशी!"

बस हसली. कंडक्टर हसला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला!

मी दोन्ही कान धरले. "मामी, चुकलो. तुमच्यावर आळ घेतला, लय लाज वाटायलीय. सोमवारचं ऑपरेशन चुकवू नका."

मामींनी मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाल्या, "आळाचं काय न्हाई, जावईबापू. पर खूण करायच्या आधी एकदा इचारायचं होतं. दिसत न्हाई मला, ऐकू येतंय की." माझ्याच्यानं वर बघवेना. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि खाली उतरल्या.

योगीराजनंही खाली येऊन बॉनेट उघडलं, काडी काढली, हुंगली. "डिझेलच! लय वर असतं तर मी गाडी हलवू दिली नसती. सोमवारी पहिलं तेल बदला. आता मात्र दिवा जाईपर्यंत एका दमात चालवा. मधी बंद केली तर परत पहिल्यापासून!"

गाडी निघाली. दोन किलोमीटर गेल्यावर मामींनी विचारलं,

"थांबायचं न्हाई म्हणला ना तो मिस्त्री?"

"हो, मामी."

"मंग ऐका!"

आणि सुरुवात झाली थेट साखरपुड्यापासून! मी घड्याळासाठी मांडवात रुसलो होतो, ते. सासऱ्यांच्या फेट्याला हसलो होतो, ते. चहाला थांबावं म्हटलं तर गाडी थांबवायची नाही. फोन आला म्हणावं तर फोन घरी. बावीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं!

परभणी आली आणि पिवळा दिवा गेला. माझा जीव भांड्यात पडला. "मामी, गेला दिवा! जळाली सगळी काजळी! शेवटी हात कुणाचा आहे!" गाडी ऐटीत दारात आणली. सुमंगला अंगणातच उभी होती. मी किल्लीला हात घातला.

"बंद करू नका!" मामी म्हणाल्या. "माझं आत्ता कुठं नातवाच्या बारशापर्यंत आलंय. मधी थांबले तर परत पहिल्यापासून सांगावं लागंल!"

मी आशेनं सुमंगलाकडं बघितलं. तिनं घराला कुलूप लावलं, मागचं दार उघडलं आणि आत बसली.

मी मुकाट्यानं गाडी लांब सेलूच्या रस्त्याला लावली.