सबनीसकाकांची लाइन

आमच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला सबनीसकाकांनी आम्हाला आगगाडीचं एक तिकीट दिलं. दोन बोटांएवढं, जाड पुठ्ठ्याचं, वर बारीक जपानी अक्षरं. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, ते उलटसुलट करून पाहिलं.

"काका, हे कुठलं?"

"युकिसावा ते कामिमोरी. आहे एकाचंच, पण तुम्ही दोघं आता एकच."

"आम्ही जपानला जायचं?"

"जायलाच पाहिजे असं नाही. तिकीट काढलेलं असलं म्हणजे झालं."

एवढं बोलून ते श्रीखंडाकडे वळले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

हे एकोणीसशे ब्याऐंशी सालचं. आदल्या वर्षी आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आलो होतो. सुधीर युनिव्हर्सिटीत रिसर्च करायचा, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले होते, आणि आमच्यापासून तिसऱ्या घरात सबनीसकाका आणि नलिनीकाकू राहायचे. काका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. पन्नाशीला आलेले, किडकिडीत, हिवाळ्यात कानटोपीवर कानटोपी घालणारे. बर्फात गाडी कशी चालवायची, कुठल्या दुकानात तूरडाळ मिळते, हे सगळं आम्हाला त्यांनीच शिकवलं. माणूस सरळ होता. फक्त जपानच्या डोंगरातल्या एका रेल्वेलाइनचा विषय निघाला की त्यांचं काहीतरी व्हायचं. आणि तो विषय तेच काढायचे.

हळूहळू कळलं की गावातल्या प्रत्येक मराठी घरात ती तिकिटं आहेत. बारशाला तिकीट, घर घेतलं तिकीट, पीएचडी झाली तिकीट. गणपतीला आम्ही शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचो, तिथे प्रसादाच्या टेबलाशी काका लिफाफा घेऊन उभे. कुलकर्ण्यांच्या मुलीला हायस्कूल संपल्याबद्दल एक मिळालं, तेव्हा ती म्हणाली, "अंकल, इट्स नॉट इव्हन अ राउंड ट्रिप." काका विचारात पडले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला परतीचंही आणून दिलं.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. तरुणपणी ते पुण्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत होते. कंपनीने त्यांना दीड वर्ष जपानला शिकायला पाठवलं. टोकियो वगैरे नाही, तर उत्तरेला डोंगरात, तांब्याच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये. तिथे जायला एकच रस्ता, ती लाइन. खाणीसाठी गावकऱ्यांनी स्वतः खपून तिचा भराव घातलेला. काका गेले तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. खाणकामगार, शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. मग तांबं संपलं. खाण बंद झाली, माणसं शहरांकडे गेली, शाळेत वर्ग भरेनात. डोंगरातून मोटारीचा रस्ता आला. आता दिवसाला तीनच गाड्या उरल्या होत्या, एकेका डब्याच्या, आणि तोट्यातल्या ज्या लाइनी सरकार बंद करणार होतं त्यांच्या यादीत हिचं नाव आलं होतं. गावकऱ्यांनी कमिटी काढली. गाडीत बसा, तिकीट काढा, लाइन वाचवा. युकिसावाचे जुने स्टेशनमास्तर कुडोसान त्या कमिटीत होते. काका दर महिन्याला त्यांच्याकडून टपालाने तिकिटं मागवायचे.

"पण काका, तुम्ही इथे बसून तिकिटं काढलीत तर गाडीत माणूस कुठे वाढतो?"

"मीना, पॉइंट असा आहे," ते म्हणाले, "आपल्या लाइनवर तिकीट विकलं गेलं ना? मग कुणी चढलं नाही हे सिद्ध करणं त्यांचं काम."

ते तिला नेहमी आपली लाइन म्हणायचे. त्यांनी जपानच्या रेल्वेखात्याला टाइप करून पत्र पाठवलं होतं: मी आपल्या लाइनचा जुना प्रवासी असून सध्या मिशिगनमध्ये राहतो. त्यावर अतिशय नम्र उत्तर आलं. दीर्घकाळ प्रवास केल्याबद्दल आभार, बाकी काही नाही. काकांनी त्याला दुसरं पत्र लिहिलं, सूचनांसह.

हिवाळ्यात रोज दुपारी पाचला वीस कमी असताना काका घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "सुटली." तिथे तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असायची आणि पहिली गाडी युकिसावाहून निघायची. एप्रिलमध्ये अमेरिकेत घड्याळं पुढे केली की ते बेचैन व्हायचे. "यांनी उगाच तास हलवला," म्हणायचे. "ती आपली वेळेवरच आहे."

काकूंना हे सगळं मुळीच आवडायचं नाही. दिवाणखान्यात लाइनचा एक मोठा फोटो होता. बर्फ, वाफेचं इंजिन, तोकडा प्लॅटफॉर्म, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला रुमाल बांधून उभी असलेली एक जपानी बाई. आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, ही कोण? काका म्हणायचे, "ती उभी आहे ना, तिथे प्लॅटफॉर्म संपतो." मग इंजिनाविषयी बोलायला लागायचे.

"बघितलंस?" काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "वीस वर्षं हेच उत्तर. मी विचारणं सोडून दिलं. मास्तरांची बायको म्हणे. असेल."

मराठी मंडळात यावरून विनोद व्हायचे. काकू हसायच्या, पण तेवढ्यापुरत्याच.

त्या वर्षांत मिशिगनमध्ये जपानचं नाव काढणंही अवघड होतं. जपानी मोटारी आल्या आणि इथले कारखाने एकामागून एक बंद पडू लागले होते. काकांच्या कारखान्याच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्यांवर जपानविरोधी स्टिकर्स असायचे. आणि काकांनी टेबलावर लाइनचा फोटो ठेवलेला. रे नावाचा एक मशीनिस्ट एक दिवस त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. एवढं प्रेम असेल तर तिकडेच जा, म्हणाला.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, बाबा, तिकडेही बंदच होतंय. आधी खाण गेली, मग शाळा, मग डॉक्टर गेला, आता गाडी. तिथल्या माणसांनी तुझी नोकरी घेतलेली नाही. त्यांचीच कुणीतरी घेतली. तो ऐकून निघून गेला."

"रागावला?"

"माहीत नाही. त्याचंही सगळं जातंय गं. ओरडणार कुणावर?"

पुढे रेला ले-ऑफ मिळाला. शेवटच्या दिवशी खोक्यात सामान घेऊन तो काकांच्या टेबलाशी आला आणि त्याने विचारलं, तुझ्या त्या ट्रेनचं काय झालं? अजून चालू आहे, काका म्हणाले. गुड, म्हणून तो गेला. हे सांगताना काकांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

मग एका जानेवारीत जपानहून पत्र आलं. कुडोसानची पुतणी शाळेत इंग्रजी शिकवायची, पत्रं तीच लिहायची. काकांनी ते आम्हाला वाचून दाखवलं नाही. लाइन मार्चअखेर बंद होणार आणि शेवटच्या गाडीला मी जाणार, एवढंच म्हणाले. आम्ही त्यांना समजावून पाहिलं. कारखान्यात माणसं कमी करत होते, अशा वेळी रजा मागणं बरं नव्हतं. काकू म्हणाल्या, "एक डबा शेवटचा धावणार, तो बघायला अर्धी पृथ्वी ओलांडायची?"

"तू पण चल."

"माझं काय काम तिथे?"

ते एकटेच गेले. दहा दिवसांनी परत आले तेव्हा काकू आणि मी त्यांना आणायला डेट्रॉइटच्या विमानतळावर गेलो. काकू हायवेवर गाडी चालवायच्या नाहीत. काका मागच्या सीटवर बसले, काकू पुढे माझ्या शेजारी. दुपार होती, कडेचं बर्फ काळं पडून वितळत होतं.

"कशी झाली शेवटची गाडी?" मी विचारलं.

"गर्दी होती. आयुष्यात कधी तिथे न आलेली माणसं कॅमेरे घेऊन आली होती. शाळेचा बँड होता. उभं राहायला जागा नव्हती. रोज याच्या चौथ्या हिश्श्याएवढी माणसं आली असती तर..."

"आणि कुडोसान?"

"ते जानेवारीतच गेले. पत्र त्याचंच होतं."

काकूंनी मान वळवली. "मग सांगितलं नाहीत ते?"

"काय सांगणार होतो?"

मग काका आपण होऊनच सांगायला लागले, सावकाश, आम्हाला नाही तर खिडकीला सांगितल्यासारखं.

तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे वडील कऱ्हाडला वारले. तार स्टेशनवर आली. कुडोसान ती घेऊन स्वतः बर्फातून त्यांच्या खोलीवर गेले. परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कंपनीचा करार होता आणि विमानाचं भाडं म्हणजे वर्षाचा पगार. दिवस धाकट्या भावाने केले. काका खाणीवर कामाला जात राहिले. एकदा कुडोसानच्या बायकोने खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्यात काय करतात? त्यांनी सांगितलं. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात, कावळ्याने शिवावं लागतं.

"तार आल्यापासून दहाव्या दिवशी पहाटे त्या स्वतः भाताचा गोळा करून घेऊन आल्या. सगळीकडे कमरेएवढं बर्फ, साफ केलेली जागा म्हणजे फक्त प्लॅटफॉर्म. त्याच्या टोकाला ठेवला. कावळे झाडावर बसलेले, खाली कुणी येईना. तेवढ्यात सकाळची गाडी येऊन उभी राहिली. निघायची वेळ झाली आणि नेमका एक कावळा उतरला, गोळ्यापासून दोन हातांवर. आता इंजिनाने शिट्टी दिली की तो उडणार. कुडोसाननी हिरवा बावटा खालीच ठेवला. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून बघतोय, पोरं काचेला नाक लावून बघताहेत. त्यांनी नुसता पंजा दाखवला, थांबा. गाडी थांबली. सगळी गाडी. तो कावळा आला, शिवला, मग बावटा वर झाला."

मी गाडी चालवत होते, पण रस्ता नीट दिसत नव्हता.

"शेवटच्या दिवशी वेटिंग रूममध्ये जुन्या नोंदवह्या मांडल्या होत्या. पुतणीने मला ते पान काढून दाखवलं. चार मिनिटं उशीर, कारण: पक्षी. वरून खुलासा मागवला होता, म्हणे. त्यांनी खुलाशातही तेच लिहिलं, पक्षी. त्या वर्षी त्यांची बढती थांबली. वीस वर्षं पत्रं पाठवत होते मला, एकदाही बोलले नाहीत."

काकू समोर बघत होत्या. "म्हणून तुम्ही तिकिटं..."

"मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?"

मग त्यांनी सांगितलं की बँड आणि माणसं निघून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या बाई डबा घेऊन स्टेशनवर आल्या. आता मास्तरांसाठी ठेवू या, म्हणाल्या. त्यांच्यात ही पद्धत नाही. दोघं प्लॅटफॉर्मवर बसून राहिले. दुपारपर्यंत बसले. कुणाला अडवायचं नव्हतं, कुठलीच गाडी यायची नव्हती.

"शिवला?" काकूंनी विचारलं.

"शिवला. उशिरा."

एक्झिटची पाटी मागे गेली. काकूंचा आवाज बदलला होता. "मामंजींना मी फोटोतच बघितलं. त्यांची तिथी कुठली? आपण इथे कधी काही केलंच नाही."

"तिथी मला ठाऊक नाही, नलू. तारेत गेल्याचा दिवसही नव्हता. भावाला नंतर विचारायची लाज वाटली. मोठा मुलगा ना मी."

"मीना," काकू म्हणाल्या, "जरा बाजूला घे गाडी."

मी पुढच्या एक्झिटला उतरून एका पेट्रोल पंपाजवळ गाडी उभी केली. काकूंनी कोटाची बटणं लावली, दार उघडून उतरल्या, आणि मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.