होडीची दोन कपाटं

मी एकदा एक नवीकोरी होडी मधोमध कापून तिची दोन कपाटं केली. वाक्य पुन्हा वाचू नका, पहिल्यांदा वाचलंत तेच त्यात आहे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, शिक्षकीची बी.टी. पदवी घेऊन नुकतीच मास्तरीण झाले होते आणि पंचक्रोशीत आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी खात्री होती. हातात छत्री, मनगटावर वडिलांचं ढगळ घड्याळ, मान ताठ. मी आले की रस्त्यातल्या कोंबड्या बाजूला होत, त्यालाही मी मान समजत असे. आज ती बया समोर आली तर आधी तिचा कान पिळीन, मग बोलेन.

होडी धाकू मिस्त्रींनी बांधली होती. आमच्या खाडीकाठच्या हायस्कुलात ते सुतारकाम शिकवत. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. मुलांनी नुसतं पाठांतर करू नये, हाताला काम शिकावं, असं सरकारला वाटू लागलं होतं आणि त्यासाठी ग्रँट सुरू झाली होती. पदवीवाला सुतार मिळेना, म्हणून हेडमास्तरांनी होड्या बांधणाऱ्या धाकू मिस्त्रींना विनवून आणलं.

हा माणूस दुसऱ्यानं केलेल्या खुर्चीवर बसत नसे. शिक्षकांच्या सभेत जमिनीवर मांडी घालून बसायचा. हेडमास्तरांनी आग्रह केला तर म्हणायचा, "ज्यानं केली त्याला आधी बसवा. उठला तर मी बसतो." आणि ओरडायचा. लाकडावर ओरडायचा, रंध्यावर ओरडायचा, भरती लवकर आली तर खाडीवर ओरडायचा. "सरळ हो, मेल्या," हे फळीला होतं की मुलाला, ते मुलांनाही कळत नसे, त्यामुळे दोघंही सरळ होत. माणसांचीही त्यानं लाकडं केली होती. हेडमास्तर आंब्याचे, म्हणजे लवकर भुंगा लागणारे. मी शेवग्याची. मला आधी वाटलं, शेंगांमुळे गोड म्हणाला असेल. मग शिपायानं सांगितलं की शेवग्याच्या फांदीवर पाय ठेवला की माणूस खाली येतो. आठ दिवस मी मिस्त्रींशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

ग्रँटबरोबर एक यादी आली होती. वर्गात काय काय बनवायचं त्याची. खुंटी, पेनाचा ट्रे, पाट, कपाट आणि टोप्या अडकवायचा स्टँड. आमच्या गावात इंग्रजी टोपी कुणाच्या डोक्यावर नव्हती, वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या साहेबांखेरीज. ज्यानं ती यादी केली त्यानं खाडी पाहिलेली नव्हती, एवढं मी आजही लिहून देईन. मला त्या कागदाचा अजून राग येतो. त्याच्यापुढं मान डोलावणाऱ्या माझा तर जास्तच.

कारण मिस्त्रींनी पाहिलं होतं ते वेगळंच. खाडीपलीकडं मिठागरावरच्या माणसांची वाडी होती. तिथली अकरा मुलं आमच्या शाळेत यायची, त्यात चार मुली. नावाड्याला रोज पैसे द्यायची कुणाची ऐपत नव्हती. मुलं ओहोटी बघून गुडघाभर चिखलातून यायची आणि पाणी चढायच्या आत पळायची. भरतीची वेळ रोज पुढं सरकते, शाळेची घंटा काही सरकत नाही. कधी दोन तास मिळायचे, कधी एकही नाही. मिस्त्रींनी यादी खुंटीला अडकवली (ती खुंटी तेवढी यादीप्रमाणे केली होती) आणि ग्रँटच्या सागवानातून वर्गाकडून होडी बांधायला घेतली. तीच मुलं ती बांधणार, तीच वल्हवत येणार. पावसाळा संपल्यापासून चार महिने काम चाललं. मुलं मापं घेत होती, कोन काढत होती, पाणी शिरू नये म्हणून सांध्यांत कापूस ठोकत होती. माझ्या भूमितीच्या तासाला झोपणारी मुलं तिथं मला कोन समजावून सांगायला लागली. मला ते फारसं आवडलं नाही.

होडी पुरी झाली. पाण्यात लोटायच्या आधी पालीच्या गणपतीला सांगून येतो म्हणून मिस्त्री चार दिवसांसाठी गेले. आणि दुसऱ्याच दिवशी पत्र आलं की साहेब परवा तपासणीला येत आहेत. यादीबाहेरची वस्तू केली असेल तर सामानाचा गैरवापर समजून ग्रँट बंद होईल.

ग्रँट बंद म्हणजे सुतारकामाचा वर्ग बंद आणि मिस्त्री घरी. हेडमास्तर पत्र घेऊन थेट माझ्याकडं आले. मिस्त्रींना निरोप धाडून बोलवून घ्यावं असं कुणी सुचवलंही नाही. तो येईल, साहेबांवर ओरडेल आणि सगळंच जाईल, असं आम्ही दोघं धरूनच चाललो. सामानाची नोंदवही माझ्याकडं होती आणि डोकंही माझंच चाललं. मी खडूनं होडीच्या पोटावर रेघ मारली. करवतीचं एक टोक शिपायानं धरलं, दुसरं मी. तो अर्ध्यात थांबला, म्हणाला, "बाई, पाप लागंल." मी त्याला अंधश्रद्धेवर चार वाक्यं ऐकवली आणि ओढायला लावलं. दोन्ही अर्धे भिंतीला उभे केले, टोकं वर (पुढच्या टोकाला नाळ म्हणतात), आत तीन तीन फळ्या ठोकल्या. नोंदवहीत लिहिलं, कपाटे, नग दोन.

साहेब आले. कपाटांवरून हात फिरवून म्हणाले की आकार नवा आहे, मुलांत कल्पकता दिसते. ग्रँट पुढं चालू ठेवण्याची शिफारस झाली. मी लाजून पदर सावरला. मग त्यांनी हजेरीपट बघितला आणि खाडीपलीकडची अकरा मुलं कुठं आहेत ते विचारलं. त्या वेळी भरती होती. मी तसं सांगितलं. त्यांनी टोपी काढून त्या होडीच्या नाळेवर अडकवली, पेन उघडलं आणि शेरा लिहिला: "अकरा विद्यार्थ्यांची उपस्थिती अत्यंत असमाधानकारक. पालकांत शिक्षणाविषयी अनास्था."

मी ते वाचलं आणि "हो साहेब" म्हणून मान डोलावली. बी.टी. होते ना. ज्या दोन लाकडांत त्या मुलांची हजेरी होती, त्यांवर साहेबांची टोपी लटकत होती आणि मी त्यांना चहात साखर किती म्हणून विचारत होते. साहेबांवर चिडायला मला पुढं आयुष्यभर वेळ मिळाला. त्या दिवशी चिडले असते तर काही उपयोग होता.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हेडमास्तरांचं पोट त्याच सकाळी दुखायला लागलं, त्यामुळे वर्गाच्या दारात मी एकटीच. शिपाई पायरीवर कान झाकूनच बसला होता. मिस्त्रींनी आधी माझ्या हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवला, मग आत बघितलं. मी भराभर बोलत सुटले. पत्र, यादी, ग्रँट, तुमची नोकरी, दुसरा इलाजच नव्हता. ते ऐकत राहिले. मी थांबले तरी ओरडणं येईना. त्या माणसाचा साधा आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता.

"कपाटंच पायजे व्हती तर होडी खाडीत लोटून मी एका दिसात दोन करून दिली असती, बाई. फळ्या उरल्या हायेत मागं. तुमी विचारलं न्हाय, मी वरडतो म्हणून. माझ्या लेकीनं लगीन ठरवलं तवा तिनंबी असंच न्हाय विचारलं."