घरत डॉक्टरांच्या वीस बैठका

घरत डॉक्टर पेशंटला वेळ द्यायचे ती लोडशेडिंगचा तक्ता बघून. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नारपोलीत त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. माग चालू असले की पेशंटला आपलं दुःख ओरडून सांगावं लागे. लाईट गेली की डॉक्टर खूश. "चला, आता मान्साचं आयकू येईल!"

मनाचे डॉक्टर ते. "असं आधी कधी झालं व्हतं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. एकदा खालच्या चहावाल्याने टेबलावर चहा सांडला, तर त्यालाही विचारला. तो म्हणाला, "रोज होता है, साहब."

मी तेव्हा मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर होतो. सातवी नोकरी. मालकाने आवाज चढवला, की तो काढून टाकायच्या आत मीच राजीनामा द्यायचो. बायकोलाही ऊठसूट "माहेरी जा" सुनावायचो. शेवटी ती म्हणाली, "आता डॉक्टरकडे चला, नाहीतर खरंच जाईन." आणि मला तिथे ओढून नेलं.

"हा व्यक्तिमत्त्व विकार हाय," डॉक्टर म्हणाले. "तुला गोळी न्हाय, बोलनं हाय. वीस बैठका. एकविसावी न्हाय." शेवट आधीच सांगून मोकळे! माझं डोकंच फिरलं.

दर बैठकीचा आकडा ते खडूने पाटीवर लिहीत. अकराव्या बैठकीत त्यांनी जांभई दिली आणि मी तडक उठलो.

"माझ्यावर चिडलास. असं आधी कधी झालं व्हतं?"

का कोण जाणे, मला अंबाडीचा एसटी थांबा आठवला. मी सहा वर्षांचा. आईने मला मामाच्या हवाली केलं. आठ दिवसांत येते म्हणाली, आली दोन वर्षांनी. तेव्हा मी तिच्याशी बोललोच नाही.

"तवापास्नं तू आधी सोडतोस," डॉक्टर हळूच म्हणाले. मी ढसाढसा रडलो.

तरीही एकोणिसाव्या बैठकीला मी दांडी मारली. डॉक्टर संपवणार, त्याआधी मीच संपवलं. बायकोने कपाटावरची बॅग खाली काढली. पुढच्या आठवड्यात मी निमूट गेलो. पाटीवर एकोणीस लिहिलेलं होतं.

"पण मी आलोच नव्हतो!"

"मी व्हतो की," म्हणत त्यांनी खाली वीस लिहिलं.

त्या दिवशी मी शेवटच्या मिनिटापर्यंत बसलो. निरोप घेऊन खाली उतरलो, तर चहावाला म्हणाला, "पिछले हफ्ते साहब ने दो चाय मंगाई थी. दोनों ठंडी हो गई."

आज बायको घरात आहे, नोकरीही तीच आहे. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवशी चहावाल्याचं ऐकून मी दोन चहा घेऊन परत वर गेलो. लाईट आली होती, माग धडधडत होते. डॉक्टर माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर तसेच बसले होते. मी ओरडून विचारलं, "पेशंट परत चहा घेऊन आलाय, असं आधी कधी झालं होतं?"

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग आम्ही दोघांनी चहा प्यायला, गरम असतानाच.