प्रत माहितीसाठी सादर

पोचकाकांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही पत्र संबंधितांना प्रत दिल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं! "पत्रात ज्याचा उल्लेख, त्याला प्रत," हे त्यांनी कितीतरी नव्या कारकुनांकडून घोकून घेतलं होतं. ते आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क. कुणी चहाचा कप पुढं केला तरी पोच देतील अशी त्यांची ख्याती, म्हणून कार्यालयानं नाव ठेवलं पोचकाका.

असे हे पोचकाका गेले सहा आठवडे दर गुरुवारी संध्याकाळी गुपचूप एका समुपदेशक मॅडमकडे जात होते. छातीत सारखी धडधड व्हायची. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. कुणाशी तरी मोकळेपणानं बोला." आता बोलायचं कुणाशी? घरी बायको बोलायची, आणि ती बोलत असताना आणखी कुणी बोलायची सोय नव्हती. शिवाय मॅडमकडे जातोय म्हटलं तर लोक वेड लागलं म्हणणार! म्हणून त्यांनी बायकोला सांगितलं, दाढेचं रूट कॅनाल चाललंय. त्या दिवसापासून ती बिचारी त्यांना सगळं जेवण कुस्करून वाढत होती. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असून पोचकाका तान्ह्या बाळासारखे जेवत होते.

मॅडमनी मागच्या गुरुवारी दुखणं नेमकं पकडलं.

"तुमच्याकडे आवक भरपूर आहे," त्या म्हणाल्या, "पण जावक शून्य. आता असं करा, मधल्या दिवसांत काही दाटून आलं तर मला मेल करा. दोन ओळी पुरे. मी उत्तर देणार नाही, पण पुढच्या भेटीत त्यावर बोलू."

दोन ओळी? पोचकाका मनातल्या मनात हसले. पत्र कसं लिहायचं हे त्यांना शिकवायचं?

बुधवारी दाटून आलं. साहेबांनी त्यांचा चार दिवस खपून केलेला मसुदा न वाचताच परत केला. साहेब कुठल्याही कागदावर विषयाच्या ओळीपुढं कधी जातच नसत. पोचकाका तडक अभिलेख कक्षात गेले आणि जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांमागे उभे राहून चक्क रडले. मग नाक पुसून टेबलाशी आले आणि त्यांनी मेल लिहायला घेतला.

"विषय: मानसिक ताणाबाबत.
संदर्भ: आपले तोंडी आदेश, गेला गुरुवार.
महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आज सकाळी १०.४० वाजता अर्जदारास रडू आले. कालावधी अंदाजे सहा मिनिटे. कारणे खालीलप्रमाणे:
१) साहेब अर्जदाराचे काहीही वाचत नाहीत.
२) घरी पत्नी बोलत असताना अर्जदार फक्त 'हं' म्हणतो. त्यास तिच्याशी बोलावेसे वाटते, परंतु वाव मिळत नाही.
३) दाढ ठणठणीत आहे. पत्नीस खोटे सांगितले आहे.
तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

आणि खाली, बोटांनी आपणहून, डोक्याला न विचारता: "प्रत माहितीसाठी सादर: १) मा. साहेब, २) पत्नी." दोघांचे पत्तेही वर भरले गेले. पोचकाकांनी बटण दाबलं. जावक! काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

टिंग! लगेच निरोप आला: मेल पोहोचला नाही, पत्ता चुकीचा आहे. मॅडमच्या पत्त्यातला एक डॉट राहिला होता. "हात्तिच्या," म्हणत पोचकाकांनी मेल पुन्हा उघडला, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या मॅडमसाठी पत्र लिहिलं त्यांना सोडून, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या सगळ्यांना ते मिळालं होतं!

ते धावत साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब खुशीत होते.

"वा पोचकाका! उत्तम परिपत्रक काढलंत. मानसिक ताण! वरून कधीची विचारणा होती. मी शेरा मारून चौदाही विभागांना पाठवून दिलं."

"साहेब... तुम्ही ते वाचलंत?"

"वाचलं म्हणजे काय! विषय वाचला ना!"

शेरा होता: 'सर्व विभागांनी तात्काळ अनुपालन अहवाल सादर करावा.'

ज्या कार्यालयात पंख्याच्या बटणाची फाइल सात महिने फिरत होती, तिथं तासाभरात अहवाल यायला लागले. आणि आवक विभाग कुणाचा? पोचकाकांचा! एकेक अहवाल त्यांना स्वतःच्या हातानं नोंदवावा लागला. लेखा विभाग: रडणे निरंक. बांधकाम विभाग: रडणे निरंक, तथापि दोन कर्मचारी काठावर आहेत. आस्थापना विभाग: रडणारे तीन, पैकी एक कायम, दोन हंगामी. अभिलेख कक्ष: येथे बाहेरचे कर्मचारी येऊन रडतात, त्यांना आवर घालावा.

लेखा विभागाच्या प्रमुखांचा तर फोनच आला. "काका, तो मुद्दा तीन, दाढेचा. तो आम्हालाही लागू आहे का?"

सगळ्यांचे फोन आले, फक्त बायकोचा आला नाही. तीच खरी धास्ती होती. साहेब काय, निवृत्तीनंतर सुटतात. पण बायको जर बोलायचीच थांबली तर?

संध्याकाळी ते घरी आले. टेबलावर ताट वाढलेलं होतं. ताटात एक अख्खं गाजर. धुतलेलं, न चिरलेलं.

"चावा," बायको म्हणाली.

"अगं, ऐक तरी..."

"दाढ ठणठणीत आहे ना? मग चावा!"

पोचकाकांनी चावलं. कडाक्!

"सहा आठवडे भाज्या मिक्सरमधून काढतेय मी! शेजारणीपाशी हळहळत होते, बिचाऱ्यांचे हाल बघवत नाहीत म्हणून!" ती खुर्चीत बसली. तिच्या मोबाइलवर ते पत्र उघडं होतं. "आणि हे दोन नंबरचं काय? बोलावंसं वाटतं म्हणे. मग बोलत का नाही? घरात कुणीच बोलेना म्हणून मी बोलते हो. मला भीती वाटते त्या शांततेची."

तिचे डोळे भरून आले होते. पोचकाकांना फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मला तुझं बोलणं आवडतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण तोंडात गाजर होतं.

"हं," ते म्हणाले.

"बघा! उद्या मी येते तुमच्याबरोबर!"

गुरुवारी ती आली. मॅडमनी विचारलं, "कसा गेला आठवडा?" बायकोनं सांगायला सुरुवात केली. गाजर, मिक्सर, शेजारीण, सत्तावीस वर्षांचा संसार! पाऊण तासानं मॅडम पोचकाकांकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि वेळ संपली.

"राहिलेलं मला मेल करा," मॅडम म्हणाल्या. "दोनच ओळी!"

"आणि प्रत मला!" बायको म्हणाली.

घरी पोचताच पोचकाका मोबाइल घेऊन बसले. कार्यालयाच्या शिरस्त्याप्रमाणे जुनंच पत्र घेऊन त्यातला फक्त मजकूर बदलला, मॅडमच्या पत्त्यात डॉट घातला आणि लिहिलं: "विषय: पत्नीवरील प्रेमाबाबत. तिचे बोलणे अर्जदारास मनापासून आवडते, परंतु सांगायचे राहून गेले."

स्वयंपाकघरात बायकोचा मोबाइल वाजला. ती शेजारणीबद्दल काहीतरी सांगत होती, ती मधेच थांबली.

"हं," आतून आवाज आला. जरासा ओला.

पोचकाकांना त्या रात्री गाढ झोप लागली. सकाळी शीळ घालत त्यांनी आवक नोंदवही उघडली. पहिलाच कागद लेखा विभागाचा होता: 'साहेबांच्या कालच्या शेऱ्यास अनुसरून अनुपालन अहवाल. पत्नीवरील प्रेम: निरंक.'