नजर मुकुलवर, टाळ्या आशिषला

"पागनीस, या वर्षीही आपला माणूस भोपाळवाल्यांनी उचलला, तर पुढच्या वर्षी खेळाडू निवडायला मी कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर पाठवीन. तो बटाटे तरी नीट निवडतो," संताजीराव मोहिते म्हणाले आणि मीटिंग संपली असं समजून त्यांनी पोह्यांची प्लेट पुढे ओढली.

माळवा मार्शल्स या हॉकी संघाचं ऑफिस इंदूरच्या तुकोगंजात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. खाली ड्रिल सुरू झालं की वर काँट्रॅक्टची बोलणी थांबवावी लागतात, आणि नवा खेळाडू सही करताना उगाच जबडा धरून बसतो. संताजीराव या संघाचे मालक. मूळ धंदा बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजचा. क्रिकेटवेड्या इंदुरात हॉकीचा संघ का काढलात, असं कोणी विचारलं तर "क्रिकेटचा मिळाला नाही म्हणून" असं ते सरळ सांगत. रघुवीर पागनीस हा त्यांचा स्काउट, म्हणजे गावोगावच्या मैदानांवर उन्हातान्हात बसून खेळाडू हेरून आणणारा माणूस. आणि कुणाला किती वर्षांसाठी बांधायचं, कुणाला सोडायचं, याचा प्लॅन करणारी तन्वी. तिच्या या वर्षीच्या प्लॅनमध्ये एकच जागा रिकामी होती, मिडफिल्डची. ती शनिवारी संध्याकाळपर्यंत भरायची होती.

मागच्या वर्षी रघुवीरनं महूमध्ये एक गोलकीपर हेरला होता. विश्वासानं त्यानं ते फक्त संताजीरावांना सांगितलं. संताजीरावांनी तितक्याच विश्वासानं ते रेसिडेन्सी भागातल्या आपल्या मॉर्निंग वॉकच्या मंडळींना सांगितलं, आणि आठवडा संपायच्या आत तो गोलकीपर भोपाळच्या जर्सीत उभा होता. संताजीरावांच्या मते यात पूर्ण चूक रघुवीरच्या चेहऱ्याची होती. "तुम्हाला काही आवडलं की तुमच्या तोंडावर लिहिलेलं दिसतं हो," ते म्हणाले होते.

हा टोमणा रघुवीरला लागला. तो मल्हारगंजात वाढलेला माणूस. साडी घ्यायला गेल्यावर आवडलेल्या साडीकडे बघायचंसुद्धा नाही, हे त्याला आईनं लहानपणीच शिकवलं होतं. नावडतीचं भरपूर कौतुक करायचं, ती चार वेळा उलगडून बघायची, आणि मग उठता उठता, "ती कोपऱ्यातली काय आहे हो, दाखवा बघू," असं म्हणायचं. दुकानदार गाफील राहतो. रघुवीरनं ठरवलं, या वर्षी हॉकीचा बाजारही असाच करायचा.

कोपऱ्यातली साडी म्हणजे महूचा मुकुल भोंडवे. चेंडू मुकुलच्या स्टिकला लागला की मैदानावरची सगळी धावपळ थांबल्यासारखी वाटे. दोघं तिघं अंगावर आले तरी हा मान वर करून पलीकडे कोण मोकळं आहे ते बघत असे आणि चेंडू बरोब्बर तिथे जाई. रघुवीर स्वतः रेल्वेकडून खेळलेला. असा खेळ त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी तर मुकुलचा एक पास बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ऊन लागल्यामुळे आहे असं त्यानं शेजारच्याला सांगितलं.

नावडती साडी म्हणून त्यानं त्याच क्लबचा आशिष सपकाळ निवडला. आशिषही मिडफिल्डलाच खेळे. मुलगा मेहनती, धावायचा भरपूर. फक्त तो पोचायचा तेव्हा चेंडू तिथून निघून गेलेला असायचा.

महूच्या स्पर्धेत रघुवीरनं आशिषला टाळ्या वाजवायचा सपाटा लावला. शेजारी भोपाळचा स्काउट बाबूराव शिंत्रे शेंगदाणे खात बसलेला. दोघं एके काळी रेल्वेच्या संघात एकाच खोलीत राहिलेले. भोपाळला गेल्यापासून बाबूरावच्या बोलण्यात 'खां' शिरला होता.

"काय खां, कुणासाठी टाळ्या चालू आहेत?"

"कोणी नाही रे. असंच."

"तो आठ नंबरवाला का?"

"कोण आठ नंबर? माझं लक्षही नव्हतं," रघुवीर म्हणाला आणि आशिष स्वतःच्याच स्टिकला अडखळून पडला तेव्हा न राहवून "वा" म्हणाला. "पडतो पण कसा जीव तोडून, बघ."

त्याच वेळी पलीकडे मुकुल चार जणांना चुकवत निघाला. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. रघुवीरनं मोबाइल काढला आणि हवामान बघितलं. मनातून तो तुटत होता, पण धंदा तो धंदा. पुढच्या सामन्यात मुकुलनं गोल केला तेव्हा त्यानं डबा उघडून पोळीचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबूरावही आशिषला टाळ्या वाजवू लागला. रघुवीरला मनात उकळ्या फुटल्या. मासा गळाला लागला होता.

काम आणखी पक्कं करावं म्हणून त्यानं संताजीरावांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "भैयासाहेब, आशिष सपकाळ हिरा आहे. पण कुणाला बोलायचं नाही." दुसऱ्या दिवशी मॉर्निंग वॉकनंतरची जलेबी संपायच्या आत रेसिडेन्सीतल्या यच्चयावत सद्गृहस्थांना आशिष सपकाळ पाठ झाला. रघुवीरच्या हिशेबानं सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. भोपाळ आशिषला घेणार, आणि मग आपण शांतपणे मुकुलच्या घरी जाणार.

बुधवारी संताजीराव धापा टाकत जिना चढून आले.

"पागनीस, पक्की खबर आहे. आपल्या वॉकवाल्या जोशींचे साडू भोपाळला राहतात ना, ते सांगून राहिले होते. भोपाळवाले आशिषच्या मागे हात धुवून लागले आहेत."

"मग घेऊ दे ना त्यांना," रघुवीर समाधानानं म्हणाला.

संताजीराव खुर्चीवर बसले. "घेऊ दे? हिरा आहे म्हणून तुम्हीच बोलले होते ना? शनिवारच्या आत तो मला आपल्याकडे पाहिजे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. रघुवीरनं दार लावून घेतलं आणि साडीपासून शेंगदाण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. आशिष नुसता दाखवायचा होता, खरा माणूस मुकुल, त्याच्यासारखा दुसरा मिळायचा नाही, हेही सांगितलं. तन्वीनं मुकुलचे व्हिडिओ लावले.

"भैयासाहेब, डेटा पण हेच सांगतो," ती म्हणाली. "मुकुलचे पासेस बघा. आशिषचे तर मोजायला पण मिळत नाहीत."

संताजीरावांनी व्हिडिओकडे न बघता विचारलं, "हॉकी इंदूरवाल्यांना जास्त कळते का भोपाळवाल्यांना?"

"भोपाळवाल्यांना," रघुवीरला म्हणावं लागलं.

"ते कुणाच्या मागे आहेत?"

"आशिषच्या. पण मी टाळ्या वाजवल्या म्हणून, भैयासाहेब."

"तुमच्या टाळ्यांत एवढा दम असता तर मागच्या वर्षीचा गोलकीपर गेला असता का? तुम्हाला त्या बाबूरावनं काहीतरी पट्टी पढवली आहे. शनिवारी शाल-नारळ घेऊन जा आणि सही घेऊन या. नाहीतर येताना राजीनामा तरी आणा."

शनिवारी सकाळी रघुवीर तन्वीला घेऊन महूला निघाला. आता एकच आशा उरली होती, आपण पोचायच्या आत बाबूरावनं आशिषला गाठावं. मग जागा रिकामी राहील, आणि वेळेला दुसरं नाव नाही म्हणून संताजीराव मुकुलला हो म्हणतील. त्यामुळे गाडी बैलगाडीला लाजवील अशा वेगानं चालली. राऊला कचोरीसाठी थांबली, पुढे टायरमधली हवा बघायला थांबली, हवा ठीक होती म्हणून परत एकदा बघितली गेली.

"सर, नोकरी तुमची जायची आहे ना?" तन्वीनं विचारलं.

"आशिष खेळायला लागला की जाईलच ती. म्हणूनच हळू चाललोय," रघुवीर म्हणाला.

आशिषच्या गल्लीच्या तोंडाशी भोपाळची गाडी उभी होती. रघुवीरनं मनोमन हात जोडले. पण बाबूराव आत नव्हता, समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता. कपांच्या रांगेवरून तो बराच वेळ बसलेला दिसत होता.

"आत गेला नाहीस?" रघुवीरनं विचारलं.

"तू जा ना आधी, खां. तू पहिल्यापासून बघून राहिलाय त्याला. तुझा हक्क."

"छे, छे. तुमचा संघ मोठा. मुलाचं भलं होईल."

"अरे, इंदूर त्याला घराजवळ पडेल."

"त्याला भोपाळचीच ओढ आहे, मी ऐकलंय."

दोघांनी एकमेकांना इतका आग्रह केला, की टपरीवाल्याला कुणाचं तरी लग्न ठरवायला आले आहेत असं वाटलं. मग बाबूराव एकदम थांबला. त्यानं कप खाली ठेवला.

"रघू, खरं बोल. तुला आशिष नकोय?"

"तुला हवाय?"

"मी तर तुझ्याच गळ्यात मारून राहिलो होतो. मला मुकुल पाहिजे."

पुढच्या क्षणी चाळिशी केव्हाच ओलांडलेले, गुडघेदुखीवर एकच तेल लावणारे दोन गृहस्थ गल्लीतून पळत सुटले. मुकुलचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दोघं एकाच वेळी दारात पोचले आणि दारातच अडकले. आत मुकुल बॅग भरत होता.

"कुठे निघालास?" रघुवीरला एवढंच विचारता आलं.

"जबलपूरला, सर. काल सही झाली. तिथल्या संघाच्या चारुलता मॅडम आल्या होत्या. नवीनच आहेत. म्हणाल्या, फार छान खेळतोस, आमच्याकडे येशील का? मी हो म्हणालो."

"एवढंच विचारलं तिनं?" बाबूराव भिंतीला टेकला.

"तुम्ही कुणी तर तेवढं पण नाही विचारलं, सर. माझ्याकडे चेंडू आला की पागनीस सर डबा उघडायचे. मला वाटलं, आपला गेमच बेकार आहे. आईला पण बोललो मी, परीक्षेचा फॉर्म भरून टाकतो."

रघुवीरला आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तो पुढे झाला आणि त्यानं मुकुलचे दोन्ही हात धरले. "बाळा, तुझ्यासारखा खेळ मी खूप वर्षांनी पाहिला. तुझ्यासाठीच मी रोज महूला येत होतो. मला तू फार आवडलास."

मुकुलनं हात सोडवून बॅगेची चेन लावली. "हे तेव्हा सांगायचं होतं ना, सर. आईची इच्छा इंदूरचीच होती."

परत येताना कोणी पळालं नाही. बाबूरावनं गाडीत बसता बसता सांगितलं, "आशिष तुझा, खां. मी ऑफिसात बोलतो, इंदूरवाल्यांनी आधी गाठला." आणि तो निघून गेला. रघुवीरला तेवढीही सोय नव्हती.

आशिषच्या घरी बैठकीत नवी चादर घातली होती. आईनं ओवाळलं, वडिलांनी पेढे फिरवले. तन्वी काँट्रॅक्टमधल्या अटी समजावून सांगू लागली तर आशिषनं "हो मॅडम, वाचेन नंतर," म्हणत खिशातून पेन काढून तिचं बोलणं संपायच्या आत सही केली. तो कुठेतरी वेळेवर पोचल्याचं रघुवीरनं पहिल्यांदाच पाहिलं.

आशिष गाडीपर्यंत सोडायला आला. रघुवीरला राहवेना. "आशिष, तुला एक खरं सांगायचं आहे."

"माहीत आहे, सर. टाळ्या मला होत्या, नजर मुकुलवर होती. बाबूराव सरांचं पण सेम."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? चेंडू तर माझ्याकडे येत नाही, मग मी माणसंच बघत असतो. मुकुल डावीकडे सुटला की तुमचं डोकं मोबाइलमध्ये, पण गुडघे डावीकडे वळायचे. बाबूराव सर शेंगदाणा चावायचे थांबून जायचे. चारुलता मॅडम नवीन होत्या, त्यांना काही लपवता येत नव्हतं. त्यांना मीच बोललो, ह्याला आजच्या आज घेऊन टाका."

"तू पाठवलंस मुकुलला जबलपूरला?"

"तो मोकळा राहिला असता तर तुमच्यापैकी एक जण तरी शुद्धीवर आला असता ना, सर. मग मला कुणी विचारलं असतं? आणि मुकुलचं पण वर्ष वाचलं. तो सही में चांगला खेळतो."

एवढं बोलून त्यानं वाकून नमस्कार केला आणि रघुवीरनं यांत्रिकपणे आशीर्वाद दिला.

गाडी महूच्या बाहेर पडते न पडते तोच संताजीरावांचा फोन आला. "वा, पागनीस. भोपाळवाले हात चोळत बसले आहेत म्हणे. त्यांच्या मालकांनी बाबूरावला फाडून खाल्लं. तुमची नोकरी पक्की, बरं का. तुमच्या जागेवर आता कुणाला बसू देत नाही मी."

रघुवीरनं फोन ठेवला. राऊ आल्यावर म्हणाला, "तन्वी, या पोराला आपण मैदानावर वाया घालवतोय. सगळी स्पर्धा ह्यानं नुसत्या गुडघ्यांवरून वाचली. ह्याला मिडफिल्डऐवजी स्काउट म्हणून घेता येईल का?"

तन्वीनं लॅपटॉप उघडून प्लॅन बघितला. "येईल की, सर. पण स्काउटची जागा एकच आहे."

रघुवीरनं काच खाली केली, थोडी हवा घेतली आणि काच परत वर केली.

"मग राहू दे," तो म्हणाला. "मिडफिल्डच असू दे."